वरमाईचा डावा पाय

आमच्या थोरल्या जाऊबाईंचा डावा पाय गावात माझ्यापेक्षा जास्त प्रसिद्ध होता. मी अंगणवाडीची ताई. निम्म्या गावाच्या पोरांची नाकं मी पुसलेली. पण घनसावंगीहून जीपने आलेल्या पाहुण्याने माझं घर विचारलं, तर लोक सांगायचे, "त्या हत्तीपायवालीच्या अंगणात जा." पाय त्यांचा आणि पत्ता माझा! असा राग यायचा की सांगणाऱ्याच्या पोराला दुसऱ्या दिवशी सुकडी हात आखडून वाढावी. वाढली नाही कधी, ती गोष्ट वेगळी.

झुंबरबाई त्यांचं नाव. मी त्यांना अक्का म्हणते. एकाच अंगणात आमची दोन घरं, मध्ये तुळस आणि पाण्याचा रांजण. मी लग्न होऊन आले तेव्हा अक्का डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन अशा झपाझप चालायच्या की रिकाम्या हाताने मागून जाताना माझी दमछाक व्हायची. संकरित सरकीच्या प्लॉटवर क्रॉसिंगला बाया लावतात, म्हणजे एका झाडाच्या फुलाचा पराग दुसऱ्या झाडाच्या फुलाला हाताने लावायचं काम. त्यात अक्कांचा हात धरणारी बाई पंचक्रोशीत नव्हती.

मग आमच्या शिवारात कालव्याचं पाणी आलं. लोकांनी गुलाल उधळला, पेढे वाटले, आणि पाणी फुकट असल्यासारखं रात्रंदिवस सोडून ठेवलं. दोन-चार वर्षांत आमची खालची पट्टी चिबडली. वरून जमीन कोरडी दिसायची आणि पाय ठेवला की पचकन पाणी वर यायचं. त्या चिखलात अक्का अनवाणी राबल्या. बोटांच्या बेचक्या कुजल्या, टाचांना भेगा पडल्या. एके दिवशी हुडहुडी भरून ताप आला, पाय लालभडक झाला, जांघेत लिंबाएवढी गाठ, म्हणजे अवधण, आलं. आठवड्याने ताप गेला, अवधण बसलं, पण पायावरची सूज काही पुरती उतरली नाही. पुढे दर चार-सहा महिन्यांनी हाच खेळ. प्रत्येक वेळी थोडी सूज मागे राहायची, आणि तिच्यावर पुढची चढायची. शेवटी घोटा दिसेनासा झाला आणि कातडी वाळल्या सालीसारखी झाली.

उपाय काय कमी केले? चुना-गूळ लावला, जळवा लावल्या, मंतरलेला दोरा बांधला, अवधणावर तापल्या सळईचे डाग दिले. पण दोन उपाय घरात अगदी नेमाने चालायचे. एक म्हणजे अक्कांना पाणी द्यायचं नाही. पायात आधीच पाणी साचलंय, त्यात वरून आणखी कशाला ओता, असा माझ्या थोरल्या दिरांचा, कडूबांचा, हिशेब. भर वैशाखात ती बाई घोट घोट पाणी पिऊन राहायची आणि चक्कर येऊन बसायची. दुसरा उपाय चांगुणाबाईची मालीश. चांगुणाबाई हाताची राकट. ती बोटांपासून वर असं रेटून चोळायची की अक्कांच्या तोंडाला फेस यायचा. पाणी वर ढकलते म्हणायची. ते दुसऱ्या दिवशी खाली यायचं, येताना भावंडांना घेऊन यायचं.

सत्त्याण्णव साली पोळ्याच्या सुमाराला आमच्या संपतचं लग्न ठरलं. संपत अक्कांचा एकुलता एक, जालन्याच्या एमआयडीसीत बियाणांच्या कारखान्यात कामाला. मुलगी राजूरची, नाव नंदा. तिथी वैशाखातली धरली. पाहुणे गेले, कपबशा धुऊन झाल्या आणि अक्कांनी मला जवळ बोलावलं.

"उषा, वरमाई तू व्हय."

मला कळेचना. "म्हंजे?"

"पायघड्यावरून तू चाल. परातीत पाय तू ठेव. राजूरच्या बाया माजे पाय धुवायला बसतील न् हे धूड बघतील. पोराच्या लग्नात हसू नको मला. मी मांडवाच्या मागं बसते सैपाकात."

आता इथे खरं ते सांगते. मला दोन मुलीच. मुलींची आई विहिणीचे पाय धुते, तिचे कुणी धूत नाही. वरमाईचा तोरा, ती भारी साडी, बँडबाज्यासमोर पायघड्यांवरून ठुमकत जाणं, जरा काही कमी पडलं की रुसून बसणं आणि अख्ख्या मांडवाने मनधरणी करणं, यातलं काही माझ्या नशिबी नव्हतं. अक्का मला ते सगळं ताटात वाढून देत होत्या. मला ते हवंही होतं. आणि नेमकं हवं होतं म्हणूनच माझं डोकं सणकलं.

"मी काय त्याला नऊ महिने पोटात ठेवलंता का?" मी ओरडले. "तुमचा लेक, तुमचा मान. पाय सुजलाय, कापला तर न्हाई ना? उद्याच्या उद्या जालन्याला चला."

"कशाला उगी खर्चा—"

"खर्चा गेला खड्ड्यात!"

दीर ओट्यावर बिडी ओढत होते. थोरल्या दिराशी तोंड वर करून बोलायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून मी सगळं रांजणाकडे बघून बोलले. रांजणाने मुकाट ऐकून घेतलं. दिरांनीही.

जालन्यात डॉक्टर सत्यशीला म्हणून एक बाई नव्याने बसायला लागल्या होत्या. वडील भोकरदनकडे शाळामास्तर, पोरगी शिकून मोठी डॉक्टर झालेली, पण बोलणं शेजारच्या लेकीसारखं. त्यांनी अक्कांचा पाय उचलून सरळ आपल्या मांडीवर घेतला. अक्का इतक्या दचकल्या की पाय मागे ओढायला लागल्या. इतक्या वर्षांत त्या पायाला चांगुणाबाई सोडून कुणी हात लावला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी बेचक्या पाहिल्या, कातडी चिमटीत धरून पाहिली, रक्त तपासायला पाठवलं. दुसऱ्या फेरीला सांगितलं, "डासांमुळे होणारा हत्तीरोग असतो, त्याचा जंतू रक्तात सापडला नाही. मला वाटतं, तुमचा पाय बेचक्यांमधून जंतू शिरून शिरून असा झालाय."

"मंग पाणी कशाचं साचलंय ह्यात?" अक्कांनी विचारलं. "मी तर पाणीच पीत न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. मग मला म्हणाल्या, "ताई, उभ्या राहा जरा," आणि माझ्याच अंगावर बोट फिरवून शिकवायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण त्या सांगत होत्या ते असं होतं की लाजायचं विसरून गेले.

काळीज रक्त ढकलतं, ते धमन्यांतून पायाच्या बोटापर्यंत येतं. तिथे केसापेक्षा बारीक नळ्या असतात. त्यांच्या भिंतीतून थोडं पाणी बाहेर पाझरतं, मांसाला खायला-प्यायला घालतं. बरंचसं रक्त शिरांतून माघारी जातं, पण पाझरलेलं सगळंच पाणी परत शिरेत शिरत नाही. उरलेलं गोळा करायला अंगात आणखी एक जाळं आहे, रक्ताच्या नळ्यांहून निराळं. त्या लसिकावाहिन्या, आणि त्यातलं पाणी ते लसिका. रंग नसतो तिला. फक्त जेवल्यावर आतड्याकडून जी येते ती दुधासारखी दिसते, कारण खाल्लेलं तेलतूप याच वाटेने रक्तात जातं.

"न् हिला ढकलतं कोण? काळीजच का?" मी विचारलं.

"नाही ना! हिला स्वतःचं काळीज नाही. नळ्या आपल्या आपण जराजरा आकसतात, बाकी सगळं तुमच्या चालण्यावर. पोटरी हलली की नळी दाबली जाते, लसिका वर सरकते. आत झडपा आहेत, त्या तिला परत खाली येऊ देत नाहीत. श्वास भरून घेतला की पोटातली वर ओढली जाते." त्यांचं बोट माझ्या घोट्यावरून गुडघ्यामागे, तिथून जांघेपाशी आलं. "इथे गाठी आहेत. काखेत आहेत, मानेत आहेत, पोटातही आहेत. लसिका यांच्यातून गाळून पुढे जाते. मग पाठीच्या कण्यापुढून एक मोठी नळी वर चढते, आणि इथे," त्यांनी माझ्या डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली बोट टेकवलं, "इथे रक्ताच्या शिरेत जाऊन मिळते. पायाचं पाणी गळ्यापाशी रक्तात मिळतं, मावशी. तुमच्या पायातल्या त्या नळ्या ताप येऊन येऊन आतून व्रण पडून बंद झाल्यात. तांब्याभर पाणी प्यालात काय आणि न प्यालात काय, निघायची वाटच अडलीय. पाणी पोटभर प्या."

अक्कांनी तिथल्या तिथे पाणी मागितलं. दोन ग्लास गटागटा प्याल्या.

मग उपाय सांगितले. पाय रोज साबणाने धुवायचा, बेचक्या कापडाने टिपून कोरड्याठाक करायच्या, मलम लावायचं. झोपताना पायाकडून खाटेखाली विटा ठेवायच्या. घोटा गोल फिरवायचा, टाचा उचलायच्या. बोटांपासून वर पट्टी बांधायची, खाली घट्ट आणि वर सैल. अनवाणी पाऊल टाकायचं नाही. आणि मालीश करायची, पण सुरुवात गळ्यापासून.

इथे मात्र मी फिसकन हसले. "डॉक्टरीणबाई, सुजला पाय न् चोळायचा गळा?"

"आधी गळा, मग पोटातून मोठे श्वास, मग जांघ, मग मांडी, सगळ्यात शेवटी पोटरी आणि पाऊल. आणि चोळायचं नाही. लहान बाळाच्या गालावरून हात फिरवतो तितकंच."

घरी येऊन मी हे सगळं रांजणाला सांगितलं. गळ्याचं सांगताना मला पुन्हा हसू आलं. दीर हसले नाहीत. बिडी विझवली आणि म्हणाले, "बराबर हाय."

"काय बराबर?" अक्का.

"आपल्या खालच्या पट्टीचा चर म्या कुठून उकरला? वढ्याच्या तोंडापून. शेतापून उकरत आलो असतो तर पाणी जाऊन जाऊन गेलं असतं कुठं? पुढचं मोकळं झालं की मागचं आपसूक येतं. ती चांगुणाबाई इतके दिवस शेतातून पाणी रेटून राह्यल्ती, न् पुढं तोंडच बंद."

चिबड जमिनीचं पाणी काढायला त्यांनी दोन उन्हाळे तो चर खणला होता, त्यामुळे त्यांना पटलं की पटलं. त्या दिवसापासून दिवेलागणीच्या आधी, उजेडी, ओट्यावर खाट टाकून कडूबा बायकोच्या गळ्यापासून सुरुवात करायचे. कुदळ धरून धरून त्यांचे हात घट्ट्यांनी भरलेले. पहिल्या दिवशी अक्का कळवळल्या, तेव्हा मी माझ्या धाकटीला त्यांच्यापुढे उभं केलं आणि तिच्या गालावर सराव करायला लावला. पोरगी गुदगुल्यांनी लोळायला लागली. चार दिवसांत हात हलका झाला.

गावाला काय, आयताच तमाशा. पारावरची मंडळी मुद्दाम आमच्या दारावरून जायची. एकाने विचारलंच, "कडूबा, बायकोचे पाय चेपून राह्यला का?"

"चेपत न्हाई," दीर मान वर न करता म्हणाले, "चर काढून राह्यलो. तुझं काय तुंबलं असंन तर सांग."

पुन्हा कुणी विचारलं नाही. महिन्याभरात पायाचा ताठरपणा कमी झाला, कातडीत सुरकुती पडायला लागली. मी रोज सुतळीने पोटरी मोजायचे आणि मनातल्या मनात नाचायचे.

आणि तेवढ्यात क्रॉसिंगचा हंगाम आला. प्लॉटवाल्याने निरोप धाडला, झुंबरबाई आल्याशिवाय बायांना वळण लागत नाही. झालं! स्तुती ऐकली की अक्का लोण्याहून मऊ. मी अंगणवाडीत होते आणि ही बाई निघाली. चिखलात चप्पल रुतायला लागली म्हणून काढून बांधावर ठेवली, पट्टी ओली झाली म्हणून सोडून टाकली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हुडहुडी भरली. पाय पेटला, अवधण आलं, महिन्याभराची सगळी कमाई एका तापात गेली.

अक्कांनी पट्ट्यांचं भेंडोळं अंगणात भिरकावलं. "झालं समाधान? वरमाई तू व्हय म्हणलं तव्हा ऐकलं असतं तर इतकी सोंगं कशाला करावी लागली असती?"

मी खूप बोलले. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मग घरात जाऊन रडले. मला साडीचं दुःख नव्हतं, पायाचंही नव्हतं. ही बाई स्वतःच्या लेकाच्या लग्नात स्वैपाकात लपून बसणार, याचं होतं.

दुसऱ्या दिवशी दिरांनी जीप करून जालन्याला नेलं. डॉक्टरीणबाई रागावल्या, गोळ्या दिल्या, ताप उतरेपर्यंत मालीश बिलकुल बंद म्हणाल्या. अक्का भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. जांघेतल्या गाठीवर हात दाबून म्हणाल्या, "बाई, ही तेवढी कापून टाका. हिच्यापायी माझी दशा झाली. डाग दिले तरी मरत न्हाई मेली."

डॉक्टरीणबाई त्यांच्या शेजारी टेकल्या. "मावशी, ही गाठ तुमची वैरी नाही. मागे सांगितलं ना, लसिका गाठींतून गाळून जाते म्हणून? तिथे पांढऱ्या पेशी पहाऱ्याला बसलेल्या असतात. पायातून जंतू शिरला की लसिका त्याला इथे घेऊन येते आणि या त्याला धरतात. भांडण जुंपलं की पहारेकरी वाढतात, म्हणून गाठ सुजते, दुखते. ही इथे अडवते म्हणून विष वर रक्तात सहजी पोचत नाही. अवधण आलं याचा अर्थ तुमचं शरीर तुमच्यासाठी भांडतंय."

अक्कांनी तोंड इकडे वळवलं. मग उठून बसल्या. लुगड्यावरूनच त्यांनी त्या गाठीवर हात ठेवला, या वेळी अगदी हलका.

"उषा," त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं ही माझ्यासाठी भांडून राह्यली. न् म्या हिलाच डाग दिले."

मी अक्कांना सासू गेली तेव्हा रडताना पाहिलं होतं, जमीन चिबडली तेव्हाही. पण त्या दिवसासारख्या त्या कधी रडल्या नव्हत्या. डॉक्टरीणबाईंनी दार लोटून घेतलं आणि बाहेरच्या रांगेला थांबायला सांगितलं.

त्यानंतर मला काही सांगावं लागलं नाही. उलट मीच जाच सोसला. "उषा, साबण संपला." "उषा, ह्या विटा खालीवर हायेत, बराबर लाव." संपतने जालन्याहून गमबूट आणून दिले. ते घालून अक्का प्लॉटवर शेवटच्या वेचणीला गेल्या तेव्हा बाया आधी हसल्या, आणि दुसऱ्या आठवड्यात त्यातल्या दोघींनी नवऱ्याकडे बुटांचा हट्ट धरला. आमच्या तारेवर धुतलेल्या पट्ट्या बाराही महिने वाळत. चांगुणाबाई रुसली होती, तिलाही अक्कांनी बोलावून हलका हात शिकवला. ती अजून सगळ्यांना सांगते की ही विद्या तिच्या आजीची.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी अक्का ओट्यावर बसून पाय टिपत होत्या. मी तिळाचं ताट घेऊन आले आणि ताट माझ्या हातातून पडता पडता राहिलं.

"अक्का! घोटा!"

"काय झालं घोट्याला?"

"दिसतोय!"

खरंच दिसत होता. सुजेतून हाडाचा एवढासा गोल उंचवटा वर आला होता. मी असं ओरडले की आळी गोळा झाली. दीर शेतातून धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला. त्यांनी खाली बसून त्या हाडावर अंगठा ठेवला आणि चार माणसांसमोर म्हणाले, "लगीन झालं तव्हा पाह्यला होता." बाया लाजल्या, अक्का लाजल्या, मी तीळ वाटले.

डॉक्टरीणबाईंनी मात्र आधीच बजावलं होतं. उजव्यासारखा हा पाय कधीच होणार नाही. बिघडलेल्या नळ्या परत नव्या होत नाहीत. आसपासच्या बारीक वाटा जितकं पाणी नेतील तितकं नेतील, आणि हे धुणं, बांधणं जन्माचं. वैशाख आला तेव्हा डावा पाय चांगला हलका झाला होता, पण उजव्याच्या शेजारी ठेवला की आंधळ्यालाही फरक कळला असता. म्हणून वरमाईचं काय ठरलं, हे विचारायची मला हिंमत होत नव्हती. अक्का नुसतं म्हणायच्या, "बघू."

वऱ्हाड आदल्या दिवशी राजूरला पोचलं. गणपतीचं दर्शन झालं, जानवसा एका शाळेत होता. सकाळी मुलीकडून वरमाईची साडी आली, मोरपंखी, जरीच्या काठाची. साडी घेऊन आलेली बाई ती घडी कुणाच्या हातात द्यावी म्हणून आमच्या दोघींकडे बघत उभी राहिली. अक्कांनी हात पुढे केला.

"आण इकडं. न् उषा, तू पट्टी धर. आज लई घट्ट नको, नेसून चालायचंय मला."

वाजंत्री लागली. पायघड्या अंथरणारा परीट मागचं धोतर उचलून पुढे टाकत होता आणि अक्का त्याच्यावरून चालत होत्या. पायघडीवर चप्पल घालत नाहीत, म्हणून ती मी हातात घेतली होती. इतकी वर्षं लुगडं जमिनीला घासेल असं नेसणाऱ्या अक्कांनी आज साडी चापून घोट्याच्या वर नेसली होती. एक उघडं पाऊल, एक पट्टी बांधलेलं. राजूरच्या बाया एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. "हत्तीपाय हाय गं," असं कुणीतरी हळू म्हणालं, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतकं हळू. अक्कांची मान वाकली नाही. त्या इतक्या सावकाश, इतक्या ऐटीत चालल्या की परीट घामाघूम झाला.

मांडवात पाट मांडलेला, पुढे पितळेची परात. नंदाची आई गोजरबाई तांब्या घेऊन बसली. अक्कांनी पाटावर बसून पट्टी सोडली, माझ्याकडे दिली आणि दोन्ही पाय परातीत ठेवले. गोजरबाईने उजव्या पायावर पाणी घातलं, चोळून धुतला, पुसला, अंगठ्याला कुंकू लावलं. मग तिचा हात अडखळला. मागून तिची नणंद तिच्या कानाला लागली. गोजरबाईने डाव्या पायावर दुरूनच चार थेंब शिंपडले, तांब्या खाली ठेवला आणि साडीचोळीचं ताट पुढे केलं.

अक्कांनी ताटाला हात लावला नाही.

"घ्या ना विहीणबाई," गोजरबाई म्हणाली.

अक्कांनी तोंड फिरवलं. मांडवात कुजबुज सुरू झाली. वरमाई रुसली! कुणी म्हणालं साडी आवडली नाही, कुणी म्हणालं पैठणीच हवी असेल. नंदाचे वडील फेटा सावरत धावत आले, हात जोडले. भटजी माईकवरून सांगत होते, मुहूर्ताची वेळ झाली, वरमाय आणि वधूमाय यांनी लवकर आटपावं. संपत बाशिंग बांधून उभा, त्याच्या तोंडावरची माशी हलेना. दीर मात्र खांबाला टेकून मिशीत हसत होते.

"काय कमी पडलं ते सांगा तरी," गोजरबाई रडकुंडीला आली. "जल्दी सांगा, जे म्हणाल ते देते."

"माजे पाय किती?" अक्कांनी विचारलं.

"आं? दोन."

"मंग धुतले किती?"

गोजरबाईची मान खाली गेली. हळूच म्हणाली, "दुखंन म्हणून... न् बाया म्हणल्या, लागण व्हते."

"दुखत न्हाई," अक्का म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "न् लागत न्हाई कुणाला. माझा नवरा रोज हात लावून राह्यला, ही माझी जाऊ लावून राह्यली, तेंला काय झालं? ह्याच पायावर उभं राहून म्या हा लेक वाढवला. उजव्यानं एकट्यानं न्हाई वाढवला. धुवायचा असंन तर दोन्ही धुवा, न्हाई तर मी बसले इथं."

गोजरबाईने वर पाहिलं. मग तिने पदर खोचला, तांब्या बाजूला सारून अख्खी कळशी ओढली आणि अक्कांचा डावा पाय दोन्ही हातांनी उचलून घेतला. पाणी घातलं. पुढे वाकून नीट पाहिलं, आणि कुणी न सांगता टाचेपासून चोळायला लागली.

"हळू," अक्का म्हणाल्या, "लेकराचा गाल धुतेत तसा. हां. आता बेचक्या. पाणी राहू देऊ नका आत, तिथूनच घुसतं सगळं."

गोजरबाईने हाताशी फडकं नाही असं पाहून आपल्या नव्याकोऱ्या साडीचा पदर घेतला आणि एकेक बोट सुटं करून टिपायला लागली. मघाशी ढोसाढोशी करणाऱ्या बाया आता माना उंचावून बघत होत्या. त्यातल्या एकीने, जरा वयस्कर होती, मला विचारलं, "कुठं दावला गं पाय?" मी जालन्याच्या डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं. मी रडत होते, हसत होते, मला इतका अभिमान वाटत होता की त्या मोरपंखी साडीतली बाई मी असते तर हे सगळं मला दिसलंच नसतं.

भटजींनी पुन्हा माईक हातात घेतला, मग कडूबांकडे बघून खाली ठेवला. मुहूर्त केव्हाच टळला होता. करंगळीची बेचकी कोरडी होऊन दोन्ही अंगठ्यांना कुंकू लागेपर्यंत अक्का पाटावरून उठल्या नाहीत, आणि तोवर त्या मांडवात कुणी मुठीतली अक्षता टाकली नाही.